तीन लोंब्या कोणी पाहिल्या?

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक खेडे आहे. मराठवाड्यातील नांदेड शहराशी त्याचा संबंध नाही. १९८३ साली या खेड्यातील दादाजी रामाजी खोब्रागडे हे दलित समाजातील शेतकरी आपल्या धानाच्या बांधीत उभे होते. शिक्षण इयत्ता तिसरी, जमीन दीड एकर. बांधीत ‘पटेल-३’ हे त्या काळी चालणारे वाण होते. त्या उभ्या पिकात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा पिवळसर होता. दादाजींनी त्या तीन लोंब्या बाजूला काढल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या आणि पुढच्या हंगामासाठी जपून ठेवल्या.

त्या तीन लोंब्यांतून ‘एचएमटी’ हा तांदूळ जन्माला आला. नागपूरपासून रायपूरपर्यंत किराणा दुकानात बारीक तांदळाच्या पोत्यावर हे नाव लोक रोज वाचतात. वाचणाऱ्यांपैकी किती जणांना दादाजी खोब्रागडे हे नाव ठाऊक आहे? आणि ज्यांना ठाऊक नाही, त्यात आपल्या चळवळीतले किती?

‘नवकल्पना’, ‘नवोपक्रम’, ‘स्टार्टअप’ हे शब्द आज सरकारी जाहिरातीपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत सगळीकडे ऐकू येतात. या शब्दांमागे एक ठरलेले चित्र असते. वातानुकूलित खोली, संगणक, इंग्रजी बोलणारा तरुण आणि त्याच्या डोक्यात अचानक पेटलेला दिवा. नवी कल्पना म्हणजे हुशार डोक्यातून निघणारी ठिणगी, हुशार डोके म्हणजे ‘मेरिट’ आणि मेरिट म्हणजे विशिष्ट घरांत जन्माला येणारी गोष्ट, अशी ही साखळी आहे. शेवटची कडी कोणी उघड बोलत नाही, पण २००६ साली केंद्रीय शिक्षणसंस्थांमधील ओबीसी आरक्षणाला विरोध करताना तीच कडी रस्त्यावर दिसली होती. त्या वेळी आंदोलक विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून हातात झाडू घेतला, बूट पॉलिश केले. आमच्यासारख्या गुणवंतांवर आता हे काम करण्याची पाळी येणार, असे त्यांना सांगायचे होते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांकडेही डोके असते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती.

म्हणून दादाजींनी नेमके काय केले ते नीट समजून घेणे आवश्यक आहे. नवी कल्पना कशी निर्माण होते आणि कशी वाढते, याचा इतका स्वच्छ धडा दुसरीकडे क्वचित सापडेल.

धानाच्या पिकात वेगळी लोंबी दिसणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. कधी बियाण्यात भेसळ असते, कधी एखाद्या रोपात आपोआप बदल होतो, तर कधी शेजारच्या वाणाचा पराग क्वचित येऊन संकर घडतो. शेतकऱ्याला असे वेगळे रोप दिसले, तर तो सहसा ते उपटून टाकतो, किंवा लक्षच देत नाही आणि कापणीत ते इतर धानात मिसळून जाते. वेगळेपण हा दोष आहे, असेच आपल्याला शिकवलेले असते. दादाजींनी त्या वेगळेपणाला दोष मानले नाही. हे वेगळे का आहे, आणि पेरले तर वेगळेच राहील का, हा प्रश्न त्यांना पडला. कल्पनेचा जन्म तो हाच. त्यासाठी पीक हजारदा पाहिलेली नजर लागते. ‘पटेल-३’ कसे दिसते हे ज्याच्या डोळ्यांत पक्के बसले आहे, त्यालाच ‘पटेल-३’ नसलेले काही दिसू शकते. योगायोग प्रत्येकाच्या बांधावर येतो, त्याला ओळखायला मात्र नजर तयार असावी लागते.

पण एवढ्याने वाण होत नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी ते मूठभर दाणे वेगळे पेरले. रानडुकरांनी नासाडी करू नये म्हणून भोवती काटेरी कुंपण घातले. जे हाती आले ते पुन्हा निवडले आणि पुन्हा पेरले. धानाचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे चांगले रोप निवडून वेगळे जपत गेले, तर काही पिढ्यांनी त्याचे गुण स्थिर होतात. कृषी महाविद्यालयात याला निवड पद्धत म्हणतात. दादाजींनी ती कोणत्याही वर्गात बसून शिकलेली नव्हती. वर्षामागून वर्ष ते निवडत राहिले, शिजवून चव पाहत राहिले, उतारा मोजत राहिले. धानाला वर्षातून एकच हंगाम मिळतो. म्हणजे एका प्रयोगाचे उत्तर कळायला एक वर्ष. प्रयोगशाळेतला माणूस आठवड्यात जी चूक सुधारतो, ती सुधारायला या माणसाला पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागत होती.

बियाणे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गेले. १९९० च्या सुमारास ते तळोधीच्या बाजारात पोचले, तेव्हा त्याला नावही नव्हते. बिननावाचा माल विकायचा कसा? त्या काळी एचएमटीच्या घड्याळाची मोठी चलती होती, लग्नात जावयाला तेच घड्याळ देत. व्यापाऱ्याने धानाला तेच नाव देऊन टाकले. पुढे केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये घेतला. घड्याळाचा कारखाना बंद पडला, पण धान आजही पिकतो आहे. विदर्भातून तो छत्तीसगड, मध्य प्रदेश, आंध्र या भागांत गेला. कोणतीही जाहिरात नव्हती, अनुदान नव्हते. एका शेतकऱ्याने दुसऱ्याला दिलेली पायली आणि जिभेला लागलेली चव एवढ्यावर तो पसरला.

इथपर्यंतची कहाणी अभिमानाची आहे. पुढची मात्र विचार करायला लावणारी आहे.

१९९४ साली सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्राने दादाजींकडून पाच किलो बियाणे प्रयोगासाठी नेले. हे केंद्र अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतले. चार वर्षांनी, १९९८ मध्ये, विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केले. नावात विद्यापीठ आले, घड्याळ राहिले, दादाजी कुठेच नव्हते. मूळ बियाण्यात मिसळ होती, आम्ही ते शुद्ध केले, अशी विद्यापीठाची बाजू होती. ही बाजू आपण प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे, कारण शुद्धीकरण हे खरोखरच शास्त्रीय काम आहे. ते कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे, की शुद्ध करणाऱ्याचे नाव लागले म्हणून शोधणाऱ्याचे नाव पुसले जावे काय?

याचे उत्तर विज्ञानाच्या इतिहासातच आहे. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बशीत बुरशी आलेली दिसली आणि तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे झालेले दिसले. बशी बिघडली म्हणून ती फेकून देता आली असती. फ्लेमिंग यांनी ती जपली आणि १९२९ मध्ये त्यावर निबंध लिहिला. पण त्यांना त्या बुरशीतून शुद्ध औषध काढता आले नाही. दहा वर्षे ते काम जवळपास तसेच पडून होते. मग ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनिसिलिन शुद्ध केले आणि १९४१ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला टोचले. १९४५ चे नोबेल पारितोषिक कोणाला मिळाले? फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना. आम्ही शुद्ध केले, सबब फ्लेमिंगचा संबंध संपला, असे तिथे कोणी म्हणाले नाही. पाहणारा आणि शुद्ध करणारा, दोघांचीही नावे शेजारी शेजारी लागली.

आता हीच फूटपट्टी नागभीड तालुक्यात आणून लावा. बशी जपणारा शास्त्रज्ञ ठरतो आणि लोंबी जपणारा ‘बियाणे पुरवणारा’ ठरतो. फरक कशाचा आहे? कामाचा की माणसाचा?

अर्थात परदेशातही हे सगळ्यांच्या बाबतीत झाले नाही. व्हॅनिलाचे मूळ मेक्सिकोचे. ते वेल जगभर नेऊन लावले गेले, पण मेक्सिकोबाहेर त्यांना शेंगा धरत नसत, कारण परागीकरण करणारे तिथले कीटक इतरत्र नव्हते. १८४१ साली हिंदी महासागरातील रेयुनियों या फ्रेंच बेटावर एदमों अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने हा पेच सोडवला. बारीक काडीने फुलातला पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग दाबायचा, एवढी साधी युक्ती. आजही जगातला बहुतेक व्हॅनिला याच पद्धतीने हाताने फळवला जातो. एका नामांकित फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने हा शोध आपला असल्याचा दावा केला. एदमोंचा मालक त्याच्या बाजूने पत्रे लिहीत राहिला, म्हणून त्याचे नाव उरले. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली, एदमों मुक्त झाला, बेटावरचे मळेवाले व्हॅनिलावर श्रीमंत झाले आणि एदमों १८८० मध्ये दारिद्र्यात मेला. गुलामाची कल्पना टिकण्यासाठीसुद्धा मालकाचा शब्द लागला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या दोन्ही घटनांत एक समान गोष्ट आहे. कल्पना तिथे निर्माण झाली, जिथे हात आणि डोके एकाच माणसाचे होते. फूल हाताळणारा आणि फुलाचा विचार करणारा एकच होता. आपल्या देशाने मात्र हजारो वर्षे नेमके हेच होऊ दिले नाही. ज्याच्या हाताला काम त्याला अक्षर नाही आणि ज्याच्याकडे अक्षर त्याच्या हाताला काम नाही. रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र रॉय यांनी प्राचीन भारतीय रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला. त्याचा पहिला खंड १९०२ साली आला. या देशात विज्ञान का आटले, याचे जे कारण त्यांनी दिले त्यात जातिव्यवस्थेला मोठे स्थान आहे. कारागिरी खालच्या मानलेल्या जातींकडे ढकलली गेली, बुद्धिजीवी वर्ग हाताच्या कामापासून दूर झाला, प्रेताला शिवणे बाट ठरल्याने शरीरशास्त्र बुडाले, आणि ‘कसे’ व ‘का’ हे प्रश्न विचारणारेच उरले नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हे कोणा चळवळीतल्या माणसाने लिहिलेले नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात हाच घाव मुळावर घातला. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी दाखवून दिले. ज्या कामात माणसाचे मनही नाही आणि बुद्धीही नाही, जे त्याने निवडलेले नाही, त्या कामातून कार्यक्षमता येणार कशी, असा त्यांचा सवाल होता. नवी कल्पना ही तर कार्यक्षमतेच्याही पुढची पायरी. जिथे जन्मानेच काम ठरते, तिथे नवे करून पाहण्याचा अधिकारच गुन्हा ठरतो.

इथे एक सावधगिरी हवी. ‘पारंपरिक ज्ञान’, ‘बलुतेदारांचे कौशल्य’ यांचे गोडवे गाणारे हल्ली पुष्कळ आहेत. बापजाद्यांचा धंदा हीच तुमची प्रयोगशाळा, तिथेच थांबा, असे ते गोड शब्दांत सुचवतात. या मोहात पडू नका. दादाजींची कल्पना त्यांच्या जातीच्या धंद्यातून आलेली नाही. जातीने त्यांना नांगरापेक्षा चाकरीच दिली असती. ती कल्पना त्यांच्या मालकीच्या दीड एकरातून आली. कल्पना करून पहा, हेच दादाजी दुसऱ्याच्या वाड्यावर सालगडी असते तर? त्या तीन लोंब्या त्यांना तेव्हाही दिसल्या असत्या. पण मालकाच्या बांधीत आपला प्रयोग लावण्याची, कुंपण घालण्याची, एखादे वर्ष वाया घालवण्याची मुभा सालगड्याला कोण देणार? चूक करून पाहण्याची मोकळीक म्हणजेच स्वातंत्र्य आणि त्याला थोडी का होईना मालकी लागते. बाबासाहेबांनी १९१८ मध्येच भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहून बजावले होते की जमिनीचा आकार एवढाच प्रश्न नाही. तिच्या जोडीला भांडवल, अवजारे आणि इतर साधने किती आहेत यावर शेती किफायतशीर की नाही हे ठरते. दीड एकरात वाण निघू शकते हे दादाजींनी सिद्ध केले. त्या दीड एकराच्या पाठीशी साधने उभी राहिली असती तर काय झाले असते, याचे उत्तर राज्यकर्त्यांनी द्यावे.

दादाजी थांबले मात्र नाहीत. त्यांनी पुढेही वाणे काढली. नांदेड चिन्नोर, नांदेड ९२, नांदेड हिरा. पहिल्या वाणाला घड्याळाचे नाव मिळाले होते, या वाणांना त्यांनी आपल्या गावाचे नाव दिले. आणखी एका वाणाचे नाव आहे ‘डीआरके’. दादाजी रामाजी खोब्रागडे. पहिल्या अनुभवातून माणूस काय शिकला, हे या तीन अक्षरांत दिसते. २००५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना मिळाला. राज्य शासनानेही गौरव केला. ‘फोर्ब्स’ने २०१० मध्ये ग्रामीण भारतातील प्रभावी नवउद्योजकांच्या यादीत त्यांना स्थान दिले. पण पुरस्काराने पोट भरत नाही. शेवटच्या आजारपणात उपचारासाठी कुटुंबाला मदतीची हाक द्यावी लागली. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले. त्यांच्या धानावर गिरण्या चालल्या, व्यापारी मोठे झाले, त्यांच्या हाती मात्र हक्काची रॉयल्टी कधी पडली नाही.

आता आपल्याकडे वळू. प्रस्थापितांना दोष देणे सोपे आहे आणि तो द्यायलाच हवा. पण आपण काय केले? आपल्यातल्या अनेकांना दादाजींचे नाव कळले ते त्यांच्या निधनाच्या बातमीतून. आपण जयंतीला लाखांच्या वर्गण्या गोळा करतो, आयएएस झालेल्या मुलाचा सत्कार करतो, ते योग्यच आहे. पण गावात कोणी नवे अवजार केले, बियाणे निवडले, गटार साफ करताना माणसाला आत उतरावे लागू नये म्हणून काही जुगाड काढला, तर त्याची नोंद आपल्या कोणत्या शाखेकडे आहे? आपणही नकळत मान्य करून बसलो आहोत, की बुद्धी म्हणजे पदवी. ज्या विचाराने आपल्याला बाहेर ठेवले, तोच आपण घरात आणून ठेवला आहे.

महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतपिकांची प्रदर्शने भरवा, औते हाकण्याच्या परीक्षा घ्या, उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसे द्या, असे सुचवले होते. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथात हातातले ज्ञान हे परीक्षेच्या आणि सन्मानाच्या योग्यतेचे मानले आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली, तरी हे काम शिल्लक आहे.

ते कसे करायचे? वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. म्हणजे ‘पीकेव्ही-एचएमटी’ प्रसारित झाल्यानंतर तीन वर्षांनी. या कायद्याने स्वतः वाण काढणाऱ्या शेतकऱ्याला पैदासकाराप्रमाणेच नोंदणीचा हक्क दिला आहे आणि त्याची फीसुद्धा माफ केली आहे. पण नोंदणीसाठी वाणाचे वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थिरता दाखवावी लागते. त्यासाठी कोणत्या वर्षी कुठून निवडले, किती पेरले, काय उतरले, हे लिहिलेले असावे लागते. तिथेच आपला माणूस मागे पडतो. त्याच्याकडे बियाणे असते, वही नसते.

वही धरणारे हात आता आपल्याकडे आहेत. कृषी महाविद्यालयांत आपली मुले-मुली शिकत आहेत, पीएच.डी. करत आहेत. त्यांनी सुटीत गावी गेल्यावर एक वही घ्यावी आणि ज्याच्या बांधीत काही वेगळे उभे आहे त्याच्याशेजारी बसावे. तारीख, वाण, उतारा, साक्षीदार, छायाचित्र. बियाणे कोणालाही देताना, मग ते विद्यापीठ का असेना, पोच घ्यावी. वकील मंडळींनी तालुक्याला एक दिवस अर्ज भरून देण्यासाठी काढावा. समता सैनिक दलापासून महिला मंडळांपर्यंत ज्यांच्या शाखा आहेत, त्यांनी आपल्या गावातील असे एक तरी नाव शोधून काढावे. आणि विद्यापीठात नोकरीला असलेल्या आपल्या बांधवांनी शेतकऱ्याचे बियाणे टेबलावर आले तर त्याचे नाव फाइलवरून पुसले जाणार नाही, एवढी दक्षता घ्यावी. यातील कोणत्याही कामाला निधी, मंत्री किंवा परवानगी लागत नाही.

तीन लोंब्या आजही कुठल्यातरी बांधीत उभ्या असतील. त्या पाहणारी नजर आपल्या माणसांकडे आहे. १९९४ साली पाच किलो बियाणे गेले तेव्हा दादाजींच्या शेजारी वही घेऊन बसलेले कोणी नव्हते. पुढच्या वेळी असावे.